आठ शब्द, एका दमात

"मॅडम, तुम्ही त्रेसष्ट जण आहात," असं त्या मुलीनं मला सांगितलं, आणि पाणी हवंय का म्हणून विचारलं.

मुलगी म्हणजे आमच्या तालुक्याची पडताळणी अधिकारी, रेवती कुरणे. तिशीच्या आतली, नीटनेटकी, आवाज चढवणं ठाऊक नसलेली. तिच्यासमोर मी, शैला तांबट, वय अठ्ठावन्न. निंबसरच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून तीस वर्षं लोकांचे अर्ज टाइप करून देते आहे. मध्यंतरी बोललेलं आपोआप लिहिणारी यंत्रं आली तेव्हा आमची रांग आता उठणार असं सगळे म्हणत होते. उठली नाही. यंत्रानं लिहिलेला मजकूर सरकारी पोर्टल ओळखतं आणि परत पाठवतं. माणसाच्या बोटांनी टाइप केलेलाच लागतो. त्यामुळे रांगेत उलट दोन टेबलं वाढली.

कुरणेबाईंनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर नावांची यादी होती. 'त्रस्त पालक', 'सत्यवचनी', 'निंबसरचा नागरिक', 'मीठ कमी', 'आईचं काळीज' आणि अशी कितीतरी. जिल्ह्याच्या बातम्यांच्या पोर्टलवर या त्रेसष्ट नावांनी चार वर्षांत चारशे बारा प्रतिक्रिया लिहिल्या होत्या, आणि पडताळणीच्या यंत्राच्या मते ही सगळी नावं एकाच बाईची होती.

"यातली बरीचशी एकमेकांशी भांडतायत," मी म्हणाले.

"हो ना. वसतिगृहाच्या बातमीखाली तर तुम्ही बावीस दिवस स्वतःशीच भांडत होतात." ती हसली नाही. "कायद्यात याला बहुरूपी लेखन म्हणतात."

यंत्राचं काम समजायला सोपं आहे, म्हणून त्याचा राग जास्त येतो. आपण टाइप करतो तेव्हा एक कळ किती वेळ दाबून धरतो आणि ती सोडून दुसरीवर जायला किती वेळ लावतो, हे यंत्र सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतं. शे-दोनशे शब्द झाले की त्यातून एक ठेका तयार होतो, आणि तो दोन माणसांचा सारखा नसतो. ओळखीचं माणूस लांबून नुसत्या चालीवरून कळतं, तसंच हे. माझी डावी करंगळी बाराव्या वर्षी दारात चेमटली होती. तेव्हापासून तिच्या वाट्याची अक्षरं किंचित उशिरा उमटतात. मला स्वतःला हे कधी जाणवलं नव्हतं. यंत्राला पहिल्या दोन ओळींतच जाणवलं.

बातम्यांच्या वेबसाइट आपले ठेके फार पूर्वीपासून साठवत होत्या, समोर माणूस आहे की रोबो हे कळावं म्हणून. आपल्याला सांगितलं नव्हतं असं म्हणता येत नाही. ज्या लांबलचक अटी आपण न वाचता 'मान्य' करतो, त्यात कुठंतरी सांगितलं होतं. गेल्या दिवाळीत ओळख कायदा लागू झाला आणि नाव लपवून प्रतिक्रिया लिहिणं बंद झालं. तेवढ्यावर थांबले असते तर एक वेळ ठीक होतं. पण साठवलेले ठेके हाताशी होतेच, म्हणून जुन्या प्रतिक्रियांनाही नावं चिकटवायला सुरुवात झाली.

या कायद्यासाठी निंबसरहून जो अर्ज गेला होता तो मीच टाइप केला होता, आणि त्यात चार कडक शब्द माझ्या पदरचे घातले होते. कारण मला त्या घाणीचा वीट आला होता. दोन वर्षांपूर्वी आमच्या घाटात एक तरुण शिक्षिका अपघातात गेली. बातमीखाली लोकांनी तिच्याबद्दल, तिच्या फोटोबद्दल, ती त्या गाडीत कोणाबरोबर होती याबद्दल जे लिहिलं, ते मी इथं देणार नाही. वाचून मी जेवणाच्या ताटावरून उठले होते. मला वाटायचं, नाव लपवता येतं म्हणून लोकांची लाज सुटते. नाव लावायला लागलं की जागेवर येतील.

कायदा आला, नावं लागली, फोटो लागले. घाण होती तिथंच राहिली. आता ती शाल-श्रीफळ घेतलेल्या फोटोसकट येऊ लागली. निवृत्त मुख्याध्यापक सकाळी सगळ्यांना फुलांचं चित्र पाठवून शुभेच्छा देत आणि दहा मिनिटांनी कुठल्यातरी बाईच्या चारित्र्यावर लिहीत, खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि पदव्या. लाज सुटली नव्हती, ती मुळात नव्हतीच. गप्प झाले ते वेगळेच लोक. औषधं संपल्याचं लिहिणारी दवाखान्यातली नर्स गप्प झाली. सासरचं लिहिणाऱ्या सुना गप्प झाल्या. मी मागितलेला कायदा मला असा मिळाला होता, आणि आता तो माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवून बसला होता.

"अजून एक आहे," कुरणेबाई म्हणाल्या. "तुमच्या टायपिंगमध्ये दर तीन-चार शब्दांनी खंड पडतो. स्वतः विचार करून लिहिणारा माणूस असा थांबत नाही. तो कुठंही थांबतो, मागे येतो, खोडतो. ऐकून लिहिणारा मात्र पुढचे शब्द कानावर पडेपर्यंत ठरावीक अंतरानं थांबतो. आम्ही त्याला ऐकणखंड म्हणतो. म्हणजे मला माहितीये, हे तुम्हाला दुसरं कोणीतरी सांगत होतं."

"मग मिटलं की. माझा धंदाच तो आहे."

"नाही मिटलं." तिनं दोन प्रपत्रं पुढं केली. "'अ' म्हणजे सगळं लेखन माझं. 'ब' म्हणजे मी लेखनिक, आणि ही सांगणाऱ्यांची नावं. 'ब' भरलंत तर तुम्ही मोकळ्या. प्रत्येक प्रतिक्रियेखाली सांगणाऱ्याचं खरं नाव लागेल. 'अ' भरलंत तर सगळीकडे तुमचं नाव लागेल आणि पाच वर्षं बोटबंदी."

बोटबंदी म्हणजे जोडणी असलेला कुठलाही कीबोर्ड, कुठलाही फोन माझा ठेका ओळखणार आणि एका ओळीनंतर बंद पडणार. अठ्ठावन्नात पाच मिळवले की त्रेसष्ट. तोवर माझ्या टेबलाच्या जागी दुसऱ्या कोणाचं टेबल आलेलं असेल.

"काहींची नावं दिली आणि बाकीच्या माझ्या म्हटल्या तर?"

"'ब'मध्ये प्रत्येक ओळ ऐकणखंडाशी ताडून बघतात. सांगितलेली प्रतिक्रिया तुम्ही स्वतःची म्हणालात तर फॉर्म परत येतो."

"आणि 'अ'मध्ये नाही ताडत?"

"'अ'मध्ये नाही." ती जरा ओशाळली. "कबूल करणाऱ्याला कोणी तपासत नाही, मॅडम."

तिनं मला आठ दिवसांची मुदत दिली.

आमच्या धंद्याची रीत सांगायला हवी. मला हे काम आबा जंगमांनी शिकवलं. ते म्हणायचे, मजकूर त्यांचा, भाषा आपली. लोक येतात ते रडत, शिव्या देत, भलतीकडून सुरुवात करत. आपण त्याचं 'सदर', 'उपरोक्त' आणि 'सखोल चौकशी व्हावी' करून द्यायचं. खरं-खोटं आपण बघायचं नाही. वादी आणि प्रतिवादी एकाच टायपिस्टकडे आल्याचं मी शेकडो वेळा पाहिलं आहे, आणि यात काही गैर आहे असं मला तीस वर्षांत वाटलं नाही. मी माझ्या या निर्विकारपणाचा तोराच मिरवत होते.

गेल्या ऑगस्टमध्ये उदयभानू शिक्षण मंडळाच्या वसतिगृहातल्या एकोणीस मुली उलट्या-जुलाबांनी आजारी पडल्या. मुलींनी बाहेर भेळ खाल्ली असं मंडळानं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सारिका सरगर माझ्या टेबलापाशी आली. ती वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला. नवरा नाही, स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायची, मुलगी तिथल्याच शाळेत दहावीला.

"ताई, माझ्या मोबाइलवरनं नको," ती म्हणाली. "तुमच्यावरनं टाका. टाकीत मेलेलं कबूतर निघालं, आन् ह्ये म्हनत्यात पोरींनी भेळ खाल्ली. भेळ खायला त्या पोरींना सोडतंय कोण भायेर?"

"नाव काय घालू?"

ती विचारात पडली. "'मीठ कमी' घाला. पोरी रोज तेवढंच बोलत्यात मला."

'मीठ कमी'नं पुढं नऊ प्रतिक्रिया लिहिल्या. टाकी किती महिन्यांत धुतली नाही, दुधात पाणी किती, दुधाच्या नोंदवहीवर सही कोणाची. त्या नऊ प्रतिक्रियांनी जे केलं ते कुठल्या अर्जानं केलं नसतं. टाकी धुतली गेली आणि दुधाची चौकशी लागली.

त्याच आठवड्यात मंडळाचे सचिव दिगंबर पाटणे त्याच खुर्चीवर येऊन बसले. वेलदोड्याचा वास, पांढरे कडक कपडे. दहा वेगवेगळ्या पालकांच्या नावानं मंडळाची स्तुती हवी होती. मी लिहून दिली. कधी सकाळी सारिका, कधी दुपारी पाटणे, असं बावीस दिवस चाललं, आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

मग एका चॅनेलवाल्यानं वसतिगृहाच्या फाटकापाशी एका मुलीला गाठलं. तिनं सरळ सांगून टाकलं, "पाण्याला वास येत होता, आम्ही दोनदा सांगितलं होतं." दुसऱ्या दिवशी पाटणे आले ते लालबुंद होऊन. त्या मुलीबद्दल त्यांनी मला एक वाक्य सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलीबद्दल बापाच्या वयाचा माणूस ते बोलला आणि बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. पण मी टाइप केलं. पोर्टलनं ते आक्षेपार्ह शब्द म्हणून परत पाठवलं. त्यांनी शब्द फिरवून सांगितलं. तेही परत आलं. मागे चार माणसं ताटकळत होती, माझा चहा गार होत होता. मी म्हणाले, "थांबा जरा," आणि त्यांच्या तोंडची घाण धुऊनपुसून माझ्या भाषेत लिहिली.

'सदर विद्यार्थिनीच्या सायंकाळच्या संशयास्पद वावराचीही सखोल चौकशी व्हावी.'

पोर्टलनं ते निमूट घेतलं. त्यात आक्षेपार्ह शब्द एकही नव्हता. खाली 'सत्यवचनी' हे नाव लागलं.

"वा!" पाटणे म्हणाले. "भाषेवर हुकमत आहे बाई तुमची."

आणि मी सुखावले. आज पेनानं कागदावर हे लिहायलाही नको वाटतं, पण तेव्हा मी सुखावले होते. कोणती मुलगी, हे मी विचारलंसुद्धा नाही.

त्या ओळीखाली दोन दिवसांत चाळीस जणांनी आपापली भर घातली. पाटण्यांच्या मूळ वाक्यात नव्हतं तेही त्यात होतं. तिसऱ्या दिवशी सारिका आली. डोळे सुजलेले.

"ती माझी ईश्वरी हाय ओ," ती म्हणाली. "संध्याकाळची माझ्याच हाताखाली भाकऱ्या थापत असती. शाळंत जायना झालीया. ताई, तुम्ही इतक्यांचं लिवता, ह्यो 'सत्यवचनी' कोन असंल?"

मी म्हणाले, "कोण जाणे."

हे सगळं ऑगस्ट-सप्टेंबरातलं. आता जानेवारी होता आणि माझ्या हातात दोन प्रपत्रं होती.

पाटण्यांना माझ्या मुदतीची बातमी माझ्याआधी पोचली असावी. तिसऱ्या दिवशी ते आले. खुर्ची टेबलाच्या माझ्या बाजूला ओढून बसले.

"शैलाताई, 'अ' भरा. आम्ही काही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही," ते म्हणाले. "फक्त ते 'मीठ कमी' कोण, तेवढं माझ्या कानात सांगा. कागदावर काही नको."

"कानात कशाला? आणि आवाज का उतरलाय तुमचा? त्या दिवशी त्या पोरीबद्दल तर खणखणीत सांगत होता."

"मी रागाच्या भरात काय बोललो ते मला आठवतही नाही," पाटणे हसले. "छापून आलं ते तुमचं होतं. मी तर त्याची तारीफ केली."

त्यांच्या खालून खुर्ची ओढून घेऊन त्यांना आवाराबाहेर काढावं असं मला वाटलं. त्याहून सोपं होतं 'ब' भरणं. त्या ओळीखाली 'दिगंबर पाटणे' हे नाव सगळ्या जिल्ह्याला दिसलं असतं, आणि माझी बोटंही सुटली असती. पण मग दुसऱ्या नऊ ओळींखाली 'सारिका सरगर' लागलं असतं. नोकरी, खोली आणि मुलीची शाळा, तिन्ही पाटण्यांच्या मुठीत. हिला वाचवायचं तर यालाही वाचवायचं, असा तो फॉर्म होता. यासारखा ओंगळ कागद मी तीस वर्षांत पाहिला नव्हता, आणि मी कचेरीच्या आवारात बसते.

"'मीठ कमी' मीच आहे," मी म्हणाले. "आता उठा, मागे माणसं आहेत."

संध्याकाळच्या आत मी सारिकाला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाजीची पिशवी घेऊन आली. मी तिला दोन्ही प्रपत्रं समजावून सांगितली. मग म्हणाले, "आणखी एक आहे. 'सत्यवचनी' म्हणजे पाटणे. पण ती ओळ मी लिहिली."

"सांगितली त्यांनी, टाइप केली तुम्ही. तसंच ना?"

"नाही. त्यांनी सांगितलेलं पोर्टल घेत नव्हतं. घेईल असं मी करून दिलं. शब्द माझे आहेत."

तिनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"मी तुमास्नी इचारलं व्हतं."

"हो."

"तवा तुम्ही 'कोण जाणे' म्हनलासा."

"हो."

"हितं, ह्याच खुर्चीवर बसून रडली मी. तुम्ही मला पाणी दिलंसा."

शेजारच्या टेबलावरचा बाळासो मान खाली घालून कळा बडवत होता. मी म्हणाले, "तू म्हणशील तसं करते. तुझं नाव नको असेल तर सगळं माझ्यावर घेते. पण मग पाटणे सुटतो. आणि 'मीठ कमी'नं लिहिलेलं सगळं एका बहुरूपी बाईचं खोटं ठरतं. दुधाची चौकशी बंद होईल."

ती हिशेबी बाई नव्हती, पण तेव्हा तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट मोजल्याचं मला दिसलं.

"मार्चात पेपर हायेत तिचं," ती म्हणाली. "खोली त्यांची. टाकी तर धुतलीया. दुधाचं मी बघती, माझ्या हातात हाय तेवढं. माझं नाव नगा सांगू." मग ती जायला वळली आणि पुन्हा थांबली. "ह्ये उपकार म्हणून न्हाई घेत मी. कळलं का? आन् पोरीला ह्यातलं एक अक्षर कळता कामा नये. त्यांच्याच ताटात वाढायचं हाय मला रोज. तिला कळलं तर ती गप बसायची न्हाई."

"कळलं," मी म्हणाले.

आठव्या दिवशी मी 'अ' घेऊन कुरणेबाईंकडे गेले. तिनं कागद वाचला, पण लगेच शिक्का मारला नाही.

"तुम्ही कोणालातरी पाठीशी घालताय."

"एकीला घालायचंय. दुसरा फुकटात बसतोय."

"मॅडम, मी तुमच्या चारशे बारा प्रतिक्रिया स्वतः बघितल्या. तुम्हाला काहीतरी दाखवायचंय." तिनं पडद्यावर एक आलेख आणला. वेळेच्या रेषेवर शब्दांचे छोटे पुंजके आणि मधे मोकळ्या जागा. पुंजका, जागा, पुंजका, जागा. "हे ऐकणखंड. सगळीकडे आहेत. यातली एकही प्रतिक्रिया मुळात तुमची नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. फक्त ही एक सोडून."

तिनं दुसरी रेषा काढली. त्यात मोकळी जागा नव्हती. आठ शब्द एकापाठोपाठ एक, करंगळी किंचित मागे पडलेली, बाकी सुरळीत, जशी मी चांगल्या दिवशी टाइप करते तशी.

"आठ शब्द, एका दमात," कुरणेबाई म्हणाल्या. "यंत्राच्या मते चार वर्षांत हे एवढंच तुम्ही स्वतः लिहिलंय. आणि ते..." तिनं ती ओळ वाचून दाखवली नाही, त्याबद्दल मी तिची ऋणी आहे. "हेही कोणीतरी सांगितलं असेल ना? तुम्ही ऐकून, लक्षात ठेवून मग टाइप केलं असेल. मी तसं टिपण जोडू शकते."

मुलगी भली होती. मला बाहेर पडायला तिनं दार उघडून धरलं होतं.

"नको," मी म्हणाले. "यंत्राचं बरोबर आहे."

तिनं शिक्का मारला.

पुढचं काही मला अनपेक्षित नव्हतं. चारशे बारा ओळींखाली 'शैला तांबट, निंबसर' लागलं. वसतिगृहाच्या तक्रारी बनावट असल्याचं छापून आलं आणि दुधाची चौकशी बंद झाली. माझ्याबद्दल दीड हजार प्रतिक्रिया आल्या, सगळ्या पडताळलेल्या, सगळ्या खऱ्या नावांच्या. माझ्या वयाच्या बाईबद्दल लोक एवढं काय काय कल्पू शकतात हे मला नव्यानं कळलं. सगळ्यात जास्त अंगठे मिळाले ते एका सभ्य प्रतिक्रियेला. 'एका कोवळ्या विद्यार्थिनीची बदनामी करणाऱ्या या विकृत महिलेला समाजानं धडा शिकवावा. दिगंबर पाटणे, सचिव.' भाषा चांगली होती. कोणाकडून लिहून घेतली कोणास ठाऊक. मी मोबाइलवर उत्तर टाइप करायला घेतलं तर पहिल्याच ओळीनंतर पडदा काळा झाला. ठेका ओळखला गेला होता.

आता मी बाळासोच्या टेबलाशी स्टूल टाकून बसते. लोक मला सांगतात, मी बाळासोला सांगते, तो टाइप करतो. आबांची रीत मात्र मी सोडली. आता आधी सगळं ऐकून घेते, आणि काही जणांना 'हे होणार नाही' म्हणून वाटेला लावते. बाळासो कुरकुरतो. कुरकुरू दे.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. निकालाच्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला आवाराच्या फाटकातून सारिका आली आणि तिच्यापुढं एक उंच, सडसडीत मुलगी. मी ईश्वरीला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात पेढ्यांचा पुडा. सारिका फाटकाशीच थांबली, दाखल्याच्या रांगेत. मुलगी चिंचेखालच्या आमच्या रांगेत एका टोकापासून पेढे वाटत आली. "अठ्ठ्याऐंशी टक्के," ती प्रत्येकाला सांगत होती. "अकरावीला हितंच मंडळात अ‍ॅडमिशन घेणार. आई हितंच हाय ना कामाला."

माझ्या स्टुलापाशी येऊन तिनं पेढा पुढं केला. मी हात पसरला. माझ्यामागे अजून माझी जुनी पाटी टांगलेली होती, 'शैला तांबट, मराठी टायपिंग'. तिची नजर पाटीवर गेली, मग माझ्यावर आली. पेढा तसाच तिच्या हातात राहिला.

"तुम्हीच काय त्या?" तिनं विचारलं. ती मागे सरली नाही. "ते माझ्याबद्दलचं. ते तुम्ही लिहिलंत?"

बाळासोच्या कळा थांबल्या. फाटकाशी सारिका वळून बघत होती. ती इथून ऐकू शकत नव्हती, पण काय चाललंय ते तिला कळलं असणार. मी 'नाही' म्हणाले असते, तर मुलीनं लगेच विचारलं असतं, मग कोणी. ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

पण मी जे बोलले ते सारिकासाठी बोलले, असं म्हटलं तर तेही खोटंच होईल. त्या मुलीनं मला विचारलं होतं आणि उत्तर मला ठाऊक होतं.

"हो," मी म्हणाले. "मी लिहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. एवढी निखळ किळस मी त्या दीड हजार प्रतिक्रियांत कुठं वाचली नव्हती. पेढा तिनं पुड्यात परत ठेवला. मग ज्या बोटांनी तो धरला होता ती बोटं ओढणीला पुसली, एकेक करून, आणि शेजारी वळून बाळासोला दुसरा पेढा दिला.